एक पायरी खाली

त्याला सगळे 'प्रशस्त' म्हणत. हे नाव त्याच्या बायकोने ठेवलं. लग्नाआधी बागेतल्या बाकावर बसून त्याने तिला आपल्या घराचं वर्णन ऐकवलं होतं आणि त्यात हा शब्द पुन्हा पुन्हा आला होता. लग्न होऊन ती तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आली, बॅग खाली ठेवली आणि सभोवार पाहून म्हणाली, "अहो प्रशस्त, जरा सरका. मला दार लावू द्या." सासूबाई खुर्चीतून पडेपर्यंत हसल्या. पुढे ते नाव जिने उतरून गल्लीत आणि गल्लीतून त्याच्या कचेरीत पोचलं.

कचेरी घरं मिळवून देणाऱ्यांची होती. काचेच्या दर्शनी भिंतीवर घरांच्या पाट्या लावलेल्या असत, फोटो वर आणि खाली चार ओळी. त्या चार ओळी लिहिणं हे त्याचं काम. वडील लवकर गेल्यामुळे कॉलेज अर्ध्यावर सुटलं होतं. अक्षर चांगलं म्हणून मालकांनी ठेवून घेतलं, आणि मग लक्षात आलं की अक्षरापेक्षा शब्द चांगले आहेत. त्याच्या हातात पडलं की लहान घर आटोपशीर व्हायचं, अंधारं घर उन्हाळ्यात थंडावा द्यायचं, आणि रेल्वेच्या रुळाला चिकटून असलेलं घर प्रवासाच्या दृष्टीने सोयीचं ठरायचं. खोटं तो कधी लिहीत नसे. खरं कुठे थांबवायचं, ते त्याला बरोबर कळत असे.

मालकांचं तत्त्वज्ञान तयार होतं. "प्रशस्तराव, लग्नासाठी मुलगा दाखवताना तो घोरतो हे कोणी सांगतं का? एकदा पसंती होऊ द्या, घोरणं ज्याचं त्याला ऐकू येईल."

त्याची आई मात्र जन्मभर उलटं काम करत आली होती. ती एका मोठ्या लाँड्रीत रफू करायची. चांगल्या कपड्यात तिला काडीचा रस नव्हता. कपडा आला की खिडकीसमोर धरायचा, उजेडात भोक शोधायचं, मग दुसरं शोधायचं. "नाहीच सापडलं, तर म्हणायचं चांगला आहे. तेही हळूच म्हणायचं," असं ती सांगायची. मुलाच्या पाट्या ती कचेरीच्या काचेबाहेर उभी राहून वाचायची आणि घरी येऊन विचारायची, "थंडावा देणारी खोली कुठली रे, ती गोदामामागची? थडगंसुद्धा थंडावा देतं."

मग तिचे डोळे गेले. एकदम नाही, कापड विरत जावं तसे. शेवटी खिडकी कुठे आणि भिंत कुठे, एवढंच उजेडावरून कळू लागलं. दोन खोल्यांत ती हातांच्या सवयीने वावरायची, चहासुद्धा करायची, बटणं लावायची. पण खाली उतरणं संपलं. एका दुपारी कोणी घरात नसताना ती एकटी निघाली, आणि मधल्या वळणावर तिला वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेना. कठडा तिथे तुटलेला होता. तिथेच ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली, शेजारीण भाजी घेऊन वर येईपर्यंत. त्यानंतर पायरी हा शब्द निघाला तरी ती विषय बदलायची. अख्ख्या गल्लीच्या बातम्या गोळा करून आणणारी बाई आता खिडकीत बसून खालचे आवाज ऐकायची; शेजारी लग्न असावं आणि आपल्याला आमंत्रण नसावं, तशी.

म्हणून कचेरीत जेव्हा एका गल्लीच्या टोकाचं बैठं घर आलं, तेव्हा त्याने पाटी काचेवर लावून लगेच दुसऱ्या दिवशी काढली. एका रांगेत तीन खोल्या, मागे चिमूटभर अंगण. मालकांनी भुवया उंचावल्या, पण चावी दिली.

आईपाशी घोडं अडलं.

"न पाहिलेल्या घरात मी येणार नाही."

"अगं आई, पण तुला..."

"मला दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या तोंडाला काय झालंय? आयुष्यभर लोकांना घरं दाखवलीस, मला दाखव. घर आधी माझ्या डोक्यात बसू दे. मग मी घरात बसते."

त्याला वाटलं, हे तर आपलं रोजचंच काम. संध्याकाळी तिच्या पलंगावर बसून त्याने सुरुवात केली. "गल्लीच्या शांत टोकाला, हवेशीर, मोकळं असं..."

"थांब. हवा कुठून येते?"

"कुठून म्हणजे? खिडकीतून."

"कुठल्या खिडकीतून? मी बसले तर तोंडावर येईल की पाठीवर?"

त्याने खोलीची लांबीरुंदी सांगितली. तीही तिला नको होती. "आकडे ठेव तुझ्या पाटीवर. डोळे असताना मला आकड्यांतलं घर दिसलं नाही, आता काय दिसणार? आत पाऊल टाकलं की माझ्या हाताला पहिलं काय लागतं, ते सांग."

"कपाट आहे एक भिंतीत. सुंदर आहे अगदी."

"सुंदर हे तुला वाटलं. तिथे काय आहे ते तू सांग. सुंदर आहे का ते मी ठरवीन."

आत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो प्रशस्त, तुम्ही त्यांना घर विकताय. त्या गिऱ्हाईक नाहीत. त्यांना तिथे राहायचंय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो चावी घेऊन त्या रिकाम्या घरात गेला. दार लावलं, डोळे मिटले आणि उजवा हात भिंतीला लावून चालू लागला. आधी त्याचं त्यालाच हसू आलं. मग हाताला गोष्टी लागायला लागल्या. चुन्याची भिंत, बोटांना भुकटी लागणारी. भिंतीतल्या कपाटाची कडी, थंड आणि जरा सैल. मधल्या खोलीत पावलांचा आवाज बदलला. त्याने एवढी घरं लिहिली होती, पण घराला आवाज असतो ही ओळ त्याच्या एकाही पाटीवर नव्हती. तो रंगात येऊन पुढे निघाला आणि धाडकन खाली गेला. चौकट हाताला लागली म्हणून वाचला.

स्वयंपाकघर मधल्या खोलीपेक्षा एक पायरी खाली होतं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. काढून टाकलेल्या पाटीवर त्यानेच लिहिलं होतं, 'दोन पातळ्यांवरची आकर्षक रचना'. पण त्याच्या पायांनी ती पाटी वाचली नव्हती.

तो गुडघा चोळत उभा होता तेव्हाच मालक त्याला शोधत आले. दारातून म्हणाले, "काय हो, डोळे मिटून भिंती कसल्या चाचपडताय? घर भुतासकट घेतलंय का?"

त्या संध्याकाळी आईने त्याचं बोलणं पहिल्यांदाच न अडवता ऐकलं. मग रोज हाच उद्योग सुरू झाला. दुपारी तो घर चाचपून यायचा आणि संध्याकाळी तिला सांगायचा. तो भरकटला की ती अडवायची.

"उड्या मारू नकोस. आत्ता दारात होतास, एकदम अंगणात कसा गेलास? भिंत धरून चाल."

"बरं. दार. ते खाली घासतं, ढकलताना जरा उचलावं लागतं आणि कुरकुरतं. आत आलीस की उजवीकडे चुन्याची भिंत. मग हात लाकडावर येतो, ते कपाट. त्याची कडी तुमच्या लाँड्रीतल्या कपाटासारखी आहे, आधी खाली दाबायची आणि मग ओढायची."

"ती मेली अडकायची."

"हीसुद्धा अडकते."

"मग आता दिसली," आई म्हणाली.

पलंगावरच्या चादरीला चिमटे काढून ती भिंती उभ्या करायची. एक चुणी म्हणजे बाहेरच्या खोलीची भिंत, दुसरी मधल्या खोलीची, आणि मध्ये बोट ठेवायला जागा म्हणजे दार. मग दोन बोटं त्या घरातून चालवायची. "आता मी मधल्या खोलीत. खिडकी डाव्या हाताला. सकाळी ऊन या गालावर. बरोबर?" बरोबर असायचं. आयुष्यात एवढं मन लावून त्याने काही लिहिलं नव्हतं, आणि हे तर लिहायचंही नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी तिची बोटं मधल्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि थांबली.

"इथे काही आहे? उंबरा, पायरी?"

त्याने चादरीकडे पाहिलं. तिथे सगळं सपाट होतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जिन्यावरची ती दुपार त्याला आठवली. पायरी म्हटलं की ही मोडता घालणार, आणि एवढं जमत आलेलं घर हातचं जाणार. शिवाय सुताराशी बोलणं झालं होतं. तो पायरीवर लाकडी उतार बसवून देणार होता, सामान हलण्याआधी. म्हणजे त्या दिवशी तिथे पायरी नसणारच. खोटं कुठे होतं त्यात? फार तर खरं जरा आधी सांगितलं जात होतं.

"नाही," तो म्हणाला. "सरळ आहे."

"मग चला," आई म्हणाली आणि चादर झटकून सारखी केली.

सुताराचा 'उद्या' सगळ्यांना माहीत असतो. सामान हलवायच्या आदल्या दिवशीही तो उद्याच येणार होता. बायकोने विचारलं, "आईंना पायरी सांगितलीत ना?" प्रशस्त दोऱ्या बांधत होता. म्हणाला, "सुतार येतोय ना." तिने ते 'हो' असं धरलं.

आईला दोन हमालांनी खुर्चीतून तिन्ही मजले उतरवलं. खाली आल्यावर ती म्हणाली, "मिरवणूक छान झाली. आता पायावर ठेवा." नव्या घराच्या दाराशी तिने सुनेचा हात सोडवला. दार किंचित उचलून ढकललं. ते कुरकुरलं. ती हसली.

उजवा हात भिंतीवर. चुना. लाकूड. कडी खाली दाबून ओढली, ती अडकली. "अडकली गं बाई!" ती एवढ्या आनंदाने म्हणाली की पेट्या वाहणारे हमाल थांबले. एकाने दुसऱ्याला विचारलं, "आजींना दिसतं की काय?" ते तिने ऐकलं, आणि तिचा ताठा आणखी वाढला. मधल्या खोलीत ती भिंतीपासून बाजूला झाली. हात सोडून, भरल्या घरात वावरावं तशी मधोमध चालली. खिडकीपाशी गाल वळवला. "ऊन," ती म्हणाली.

प्रशस्त बाहेरच्या खोलीत भांड्यांची पेटी धरून उभा होता. आपण सांगितलेलं घर आई चालून दाखवते आहे, हे तो पाहत होता. त्या पाहण्यातच तो क्षणभर जास्त रमला.

"आता स्वयंपाकघर," आई म्हणाली आणि निघाली.

"आई, थांब!"

उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने थोडक्यात निभावलं. प्लास्टर घातलं, गोळ्या दिल्या. घरी आल्यावर बायको नवऱ्याला अंगणात नेऊन म्हणाली, "पाटीवर आकर्षक रचना लिहिलीत, त्याला मी हसले होते. आता नाही हसू येत." आणि ती आत निघून गेली.

आई मात्र रागावली नाही. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि तिथेच बसून राहिली. पाणी हवं असेल तर हाक मारायची. मोरीत जायचं तर सुनेचं कोपर घट्ट धरायची आणि पाय घासत चालायची. जुन्या घरात निदान दोन खोल्या तिच्या होत्या. तिथे ती घरात कोंडलेली होती, इथे खुर्चीत.

काही दिवसांनी तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला. "आई, चुकलो. तू यायला नकार देशील म्हणून सांगितलं नाही."

"दिलाही असता कदाचित. हात बरा होईल रे, हाताचं काही नाही. मला एक सांग. आणखी काय काय नाहीये?"

"म्हणजे?"

"खिडकी आहे का?"

"अगं, आहे. तूच ऊन घेतलंस ना तिथे?"

"ते घर माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यात एक भोक निघालं. आता दुसरी कुठे आहेत ते मला कसं कळावं? पाऊल उचललं की वाटतं, इथेही असेल." तिने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी सांगत होतास ना, हवेशीर नि मोकळं, तसंच सांगत राहिला असतास तर बरं झालं असतं. मी भिंत सोडली नसती."

हे त्याला लागलं. वर्णन वाईट म्हणून नव्हे, चांगलं म्हणून ती पडली होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्याने घराची पाहणी सुरू केली. आईने कपडा उजेडात धरावा तशी. गुडघ्यांवर रांगला, कोपरे चाचपले, नळ सोडून पाहिले. बायको म्हणाली, "आता काय शोधताय?" तो म्हणाला, "भोकं." दुपारी तो आईजवळ बसला आणि कौतुकाचा एकही शब्द न काढता बोलू लागला. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या मागची एक फरशी हलते, पाय ठेवला की टक्क वाजते. मधल्या खोलीच्या खिडकीला एक खिळा वर आलेला आहे, ठोकून बसत नाही. मोरीचा नळ बंद केल्यावरही थोडा वेळ गळतो, तेव्हा आवाज आला तर घाबरू नकोस. दुपारी मागच्या घरातला माणूस रेडिओ मोठ्याने लावतो आणि त्याच्याबरोबर गातो.

"बेसूर?"

"फार."

"बरं. पुढे."

"स्वयंपाकघरात उजव्या भिंतीला ओल आहे. हात लावलास तर पोपडे पडतील." मग तो थांबला. "आणि पायरी."

आईचा डावा हात मांडीवरच्या शालीवर होता. तो स्थिर झाला.

"ती तुझ्या वितीहून थोडी कमी उंच आहे. कड गोल झालीये, डाव्या बाजूला जास्त. आधीची माणसं तिथूनच ये-जा करत असणार. पायरीच्या अलीकडची पट्टी दगडाची आहे. खोलीची फरशी गुळगुळीत आणि ही खरखरीत. अनवाणी असलीस तर कळेलच. दगड लागला की उजवा खांदा चौकटीला टेकवायचा आणि पाय सोडायचा. वाटतं त्यापेक्षा जरा जास्त सोडावा लागतो. मीसुद्धा तिथेच पडलो होतो."

"कधी?"

"तुला सांगायच्या आधी."

तिने मान हलवली. शालीला एका हाताने चिमटा काढून तिने भिंत केली, मग तिच्यापुढची शाल बोटांनी खाली दाबली. दाबलेल्या जागेवरून बोटं एकदा खाली आणि एकदा वर नेली.

"अजून?"

"अजून नाही."

"नाही म्हणू नकोस. सापडलं नाही म्हण."

"अजून सापडलं नाही."

"हां," आई म्हणाली आणि खुर्चीच्या हातावर डावा हात टेकवून उभी राहिली. तो धरायला पुढे झाला. "हात नको. पुढेही चालू नकोस, माझ्या मागून ये. आणि तोंड बंद."

ती निघाली. खुर्चीमागची फरशी टक्क वाजली. तिने मान डोलावली. मधल्या खोलीतून ती भिंतीने गेली. दाराशी तिचे अनवाणी तळवे दगडावर आले आणि थांबले. तळव्याने तिने तो दगड चाचपला, एखादं जाड कापड चाचपावं तसा. बायको स्वयंपाकघरात उभी होती, हातात पातेलं तसंच. आईने खांदा चौकटीला टेकवला, पाय सोडला, वाटलं त्यापेक्षा जरा जास्त सोडला, आणि ती खाली उभी राहिली.

तिने हवा हुंगली. मग वळून म्हणाली, "ओल डाव्या भिंतीला आहे. तू उजव्या म्हणालास."

त्याने पाहिलं. "मी अंगणाच्या दारातून बघून सांगितलं."

"मी अंगणातून येणार आहे का? मी आतून येणार. बघणारा कुठे उभा आहे ते आधी ठरव, मग डावं-उजवं बोल." आणि सुनेला म्हणाली, "अगं, ते पातेलं ठेव खाली आणि चहा टाक. माझा एक हात आहे अजून, साखर मी घालते."

कचेरीत त्याने पुढच्या आठवड्यात एका घराच्या पाटीवर लिहिलं, 'मोरी दोन पायऱ्या खाली. वयस्कर माणूस असल्यास आधी चालून पाहावे.' मालकांनी ती ओळ खोडली. "घोरणं, प्रशस्तराव, घोरणं!" ते म्हणाले. नोकरी सोडण्याइतका तो शूर नव्हता. त्याने पाटी मालकांना हवी तशी लावली. पण घर दाखवायला गेला की आता तो दारातच गिऱ्हाइकाला सांगायचा, चप्पल काढा आणि एकदा अनवाणी चालून बघा. काही सौदे त्यामुळे मोडले. काही त्यामुळेच जमले.

आईचं प्लास्टर निघालं त्या सुमाराला एका सकाळी सुतार उगवला. खांद्यावर लाकडी उतार, रंग दिलेला, कडा घासलेल्या. काम खरोखर देखणं होतं. तो म्हणाला, "थोडा उशीर झाला."

प्रशस्तने सुताराच्या पिशवीतून हातोडी काढून त्याला दिली. तेवढ्यात आई अंगणातून आत आली, बाहेरच्या बातम्या घेऊन. गाणाऱ्या शेजाऱ्याला सर्दी झाली होती. ठोकण्याची तयारी तिला ऐकू आली.

"काय चाललंय?"

"आजी, पायरी काढतो तुमची. गुळगुळीत उतार करून देतो."

"हात लावू नकोस तिला," आई म्हणाली. "मोठ्या कष्टाने बसलीये ती डोक्यात. आता काढलीस तर मी पुन्हा पडेन."

सुताराने प्रशस्तकडे पाहिलं. प्रशस्तने हातोडी परत पिशवीत ठेवली. आई पायरीपाशी आली, खांदा चौकटीला टेकवला आणि ती चढून दगडावरून मधल्या खोलीत गेली.